चोवीस बाइट

३ फेब्रुवारी, सोमवार

कोडमधल्या चुकीवरचा पॅच एका ओळीचा! ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलच्या एका कोपऱ्यात मेमरी मागून घेतात, पण वापरण्याआधी पुसत नाहीत. आधीच्याचं उष्टं तसंच राहतं आणि ती चोवीस बाइटची जागा कोणालाही वाचता येते. पॅच पाठवणाऱ्या बाईंनी ती आधी शून्यांनी भरलीय. बरोबरच आहे. पण स्वतः चाचणी केल्याशिवाय मी मंजुरी देत नाही. किरकिरी म्हणतात मला, म्हणोत.

मागच्या खोलीतलं मशीन रीस्टार्ट केलं, कर्नल जुनंच, पॅच न लावलेलं ठेवलं, गळती टिपणारा प्रोग्राम लावला आणि ऑफिसला गेले.

४ फेब्रुवारी

प्रोग्रामच्या नोंदीत, लॉगमध्ये, कचरा, कचरा, कचरा. आणि मधेच — "कारकूनबा".

परत वाचलं. कारकूनबाई मला एकटा नवराच म्हणायचा, मी स्वल्पविरामावरूनही लोकांना अडवते म्हणून. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मशीन त्याचंच.

५ फेब्रुवारी

वेडेपणा पुरे! रीस्टार्टनंतर मेमरीत जुनं काही उरत नाही, हे मीच लोकांना शिकवते. म्हणजे दिवसा कोणीतरी तिथं बसून टाइप केलंय. दिवसा घरी फक्त सासरे. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणणारे!

आजचे तुकडे: "तुझा फोन". "नीट जेवत". मराठी अक्षराला तीन-तीन बाइट लागतात, त्यामुळे एका वेळी शब्द-दीड शब्दच हाती येतो. पण कळलं. मशीनवर फाइल एकही नाही; बाबा मुलाला पत्रं लिहितात आणि पुसून टाकतात.

लाज वाटली. प्रोग्राम बंद करायला हवा होता. केला नाही.

७ फेब्रुवारी

पॅचवाल्या बाईंची मेल — काही अडचण आहे का? एका ओळीला पाच दिवस! "चाचण्या चालू आहेत," असं लिहिलं. धडधडीत खोटं. पॅच लावून बघायचं तेवढं उरलंय, आणि तो लावला की हे वाचणं संपलं.

८ फेब्रुवारी

काही नाही. बाबा आज खोलीबाहेर पडलेच नाहीत. लॉग चारदा उघडून पाहिला.

१० फेब्रुवारी

पाठोपाठ दोन तुकडे. "मीच म्हण" आणि "लो, आज". पुढे कचरा.

पुढचं कोणी सांगायला नको. "मीच म्हणालो, आजच नीघ." म्हणजे बाबांनीही! "आजच्या आज नीघ, उद्याचं कारण सांगू नकोस" — अपघाताच्या दिवशी, एवढं धुकं असताना फोनवर असं ओरडणारी मी एकटीच, असं धरून तीन वर्षं काढली. कोणाजवळ बोलले नाही. बाबांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून स्वतःला कामाला जुंपलं. आणि शेजारच्या खोलीत ते तेच ओझं घेऊन!

खूप रडले. खरं लिहायचं तर हलकंही वाटलं. त्यांच्या दुःखावर मी हलकी झाले. शी!

११ फेब्रुवारी

पॅच लावला. नुसती शून्यं. मंजुरी दिली, उशिराबद्दल बाईंची माफी मागितली.

उद्या बाबांना सांगणार — फोन मीही केला होता. त्यांना एकट्यानं हे वाहू देणार नाही.

१२ फेब्रुवारी

सांगितलं. ते कपड्यांच्या घड्या घालत होते. थांबले नाहीत. "माहीत आहे गं मला. निघताना बोलला ना तो माझ्याशी. मीच म्हणालो, आज निघू नकोस, रस्ता दिसत नाही. तर म्हणाला, नाही बाबा, ती चिडलीय."

तीन वर्षं रोज सकाळी माझा डबा तेच भरून देतात.