नाईकांच्या टोळीत पांढरा फुस्तानेला

कारित्सा, ३ सप्टेंबर १८१९

चि. झिसिस यास आई असिमोचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पाद्रीबाबांकडून लिहवून घेते आहे. नाईक कात्सूरास यांच्या टोळीत गेलास तेव्हा तुझ्या कमरेला फुस्तानेला नव्हे, पोतेरं होतं. म्हणून दुसरा राखेच्या पाण्यात तीनदा धुतला, घागऱ्यासारख्या त्या घेराच्या चारशेच्या चारशे चुण्या हाताने बसवल्या आणि खेचरवाल्याबरोबर पाठवला आहे. जुना त्याच्याच हाती परत दे, नाहीतर तुला मी घरात घेणार नाही.

गारुफलियाचा बाप हटून बसलाय. संत दिमित्रीच्या सणाआधी पोरगा पाशाच्या शिपायांवर खिंडीत दबा धरून बसला तर मुलगी देईन, म्हणतो. तेव्हा जरा नीटनेटका राहा.

आई


डोंगरावरून, १२ सप्टेंबर

ती. आईस शि. सा. न.

आई, घात केलास. इथे ज्याचा फुस्तानेला चरबीने आणि धुराने काळा, तो मर्द. मी पांढराशुभ्र होऊन शेकोटीशी आलो तर नाईकांनी विचारलं, नवरदेव, वरात कुठे राहिली? दोन कोसांवरून दिसतोस म्हणाले आणि मला दब्याला नेलं नाही. मी मसूर शिजवतो. चरबी मागितली तर म्हणतात, ती कमवायची असते, फासायची नसते. तू गुपचूप पाठव, नाहीतर गारुफलिया गेलीच म्हणून समज.

झिसिस


डोंगरावरून, २ ऑक्टोबर

असिमोमावशींस कात्सूरासचा नमस्कार.

वि. वि. कारकुनाला लांब बसवून स्वतः लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. पोराने चरबी मागितली, तुम्ही साबण धाडलात. वर चिठ्ठीत मला घाणेरडा म्हणालात. अकरा वर्षांत पाशाच्या शिपायांचीही ती छाती झाली नाही.

झिसिसला शेवटी खिंडीत नेलं. तीन दिवस चिखलात पालथा होता, हूं की चूं नाही. गारुफलियाच्या बापाला माझ्या नावाने सांगा, पोरगा आमच्यातला आहे.

आता माझं एक काम. आई गेल्यापासून धुतलेलं कापड अंगाला लागलं नाही. तसाच चारशे चुण्यांचा एक मला कराल? घालायला नव्हे. मी पडलो की पोरांनी त्यात पुरावं. कुणाला कळू देऊ नका, इभ्रतीचा प्रश्न आहे.

आपला, कात्सूरास


कारित्सा, १५ ऑक्टोबर

चि. कात्सूरास यास अनेक आशीर्वाद.

आईवेगळ्या पोराला नाईक कसलं म्हणायचं? फुस्तानेला शिवून, धुऊन तयार आहे. पण पाठवणार नाही. मढ्यासाठी मी चुण्या बसवत नसते. दिमित्रीनंतरच्या रविवारी आपल्या झिसिसचं लग्न आहे. स्वतः ये, जिवंत ये आणि लवकर ये, कारण तुला घासायला वेळ लागेल. पाणी मी तापवून ठेवते.

तुझी आई, असिमो