यादीत उरलेल्या आत्याबाईंना

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार.

आपला गुडघा, रक्तदाब आणि स्वभाव तिघेही गुण्यागोविंदाने नांदत असतील अशी आशा आहे. इकडे आईसह सर्व क्षेम. विनंती म्हणावी असं काही नाही. एक लहानसं हिरवं बटण दाबायचं आहे, त्याबद्दल सावकाश लिहितो.

गोळ्यांच्या वेळा सांगणारं आमचं अ‍ॅप बाजारात येण्याआधी त्याची कच्ची आवृत्ती शंभर परीक्षकांना मोबाइलवर वापरायला दिली होती, हे आपण जाणताच. (आपण तीस वर्षं सिस्टर होता म्हणून आपलं नाव मीच घातलं.) शंभराच्या वर जागा नाही. बाकीच्या जागांवर साहेबांचे साडू, साडूंचे मित्र आणि विक्रीप्रमुखांच्या जिममधली मंडळी असा जाणकार वर्ग होता. गेल्या आठवड्यात सहा औषधवाल्यांना यादीत घ्यायचं ठरलं, पण जागाच नव्हती. साहेब म्हणाले, जे वापरत नाहीत त्यांना काढ. हाताने एकेक नाव काढायला दोन दिवस गेले असते. पण हल्ली एपीआय असतो. आपल्या हॉस्पिटलात वॉर्डातून चिठ्ठी खाली गेली की स्टोअरमधून सामान वर यायचं, लिहिलंय तेवढंच, कशाला हवंय ही विचारपूस नाही, तसंच हे. आमचा प्रोग्राम चिठ्ठी पाठवतो, समोरचा प्रोग्राम नावं घालतो किंवा काढतो. मी लिहिलं, ज्यांनी तीस दिवसांत अ‍ॅप उघडलं नाही त्यांना काढा. अकराला चिठ्ठी गेली आणि चहा येईपर्यंत नव्व्याण्णव जण बाहेर होते.

त्यांत साहेबही होते. (यात त्यांचा काडीचाही दोष नाही. ज्याने अ‍ॅप बनवून घेतलं त्याने ते उघडूनही बघावं, ही अपेक्षा जरा जास्तच.) नेमके त्याच वेळी ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या मंडळींपुढे अ‍ॅप पहिल्यांदाच उघडत होते, आणि ‘आपल्याला प्रवेश नाही’ अशी पाटी आली. साहेब म्हणाले, बघा, आमची सुरक्षा किती कडक आहे. मंडळींनी माना डोलावल्या. असं प्रसंगावधान लाखात एखाद्याकडे असतं.

मी लगेच सगळ्यांना नवी निमंत्रणं पाठवली, पण हाकललेला पाहुणा सहसा परत येत नाही. साडूंनी बोलणंच टाकलं. साहेबांचं निमंत्रण ज्या मेलवर गेलं त्याचा पासवर्ड फक्त साडूंना ठाऊक, त्यामुळे साहेबही अजून बाहेरच आहेत. औषधवाले म्हणतात, आम्ही दुकान बघू की फोन?

तेव्हा यादीत आता आपण एकट्या आहात. त्या मोठ्या हॉस्पिटलची अट अशी, की निम्म्याहून जास्त परीक्षकांनी सोमवारपर्यंत ‘हरकत नाही’ म्हटलं तरच अ‍ॅप रुग्णांच्या हातात जाईल. सध्या निम्म्याहून जास्त म्हणजे आपणच. आपली चारही पत्रं पोचली. (तक्रारीचं बटण कीबोर्डखाली दडतं म्हणून आपण तक्रारी पोस्टाने पाठवता, याचं इथे कौतुक होतं.) गोळी घेतल्याची खूण केली तरी तासाभराने तिचीच घंटा पुन्हा वाजते, असं आपण चारही वेळा लिहिलंत. आमच्या ऑफिसात तसं होत नाही. (आमच्यात गोळ्या कुणालाच नाहीत.) शिवाय साहेबांनी त्या सोयीला ‘दुहेरी काळजी’ असं सुंदर नाव दिलं आहे. तरी हिरवं बटण दाबावं. माझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे आणि सध्या ती आपल्या अंगठ्याखाली आहे.

आपला आज्ञाधारक भाचा

ता.क. आते, वरचं पत्र साहेबांनी वाचून पास केलंय, म्हणून ते आपण-बिपण. हे बसस्टॉपवर लिहितोय. हिरवं दाबू नकोस. रविवारी आईने मागितला म्हणून तिच्या गोळ्यांच्या वेळा घालून ऑफिसचा चाचणीचा फोन (त्याला यादी लागत नाही) तिच्याजवळ ठेवला. घंटा दोनदा वाजली, तिने प्रेशरची गोळी दोनदा घेतली आणि बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडली. आता बरी आहे, पण मी फार घाबरलो. तुझी चारही पत्रं मीच ‘निकाली’ म्हणून फाइलला लावली होती, त्याची लाज वाटते. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, तुझ्या आईला मोजता येत नाही का? मग मी वरचं पत्र लिहून दिलं. तू ‘हरकत आहे’चं लाल बटण दाब. भल्याभल्या सर्जनना तू गप्प केलंयस, तुझं कोण काय वाकडं करणार आहे?

ता.क. दुसरा. पाकीट पुन्हा फोडलं. सत्तरीच्या आत्याला पुढे करून आपण मागे लपायचं, हे मलाच बरं वाटेना. ऑफिसात परत गेलो, एक चिठ्ठी पाठवून यादीत माझंच नाव घातलं आणि लाल बटण दाबून टाकलं. आता परीक्षक दोन, त्यातला एक नाही म्हणतोय. तू काहीही दाबलंस तरी निम्म्याहून जास्त होत नाही. हाताने असो की चिठ्ठीने, नावं घालणारा-काढणारा इथे मी एकटाच, तेव्हा सोमवारपर्यंत माझं नाव कुणाला काढता येणार नाही. सोमवारी मात्र मलाच काढतील. तुझी मागची खोली रिकामी आहे का? आईलाही घेऊन येतो. तिच्या गोळ्यांच्या वेळा तू सांभाळ, भांडी मी घासतो.