छातीचा रिकामा रकाना

दिंडोशी, ८ फेब्रुवारी १९८६

ती. जानकीमावशीस वनमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दवाखान्याच्या पायऱ्या चढताना अजून कळ येते का, आणि तुझी ती लाल कोंबडी खुडूक बसली होती ती उठली का, हे दोन्ही कळव. इकडे बाबांची तब्येत उत्तम, म्हणजे सकाळपासून सगळ्यांवर ओरडतात. हे पत्र काही मागण्यासाठी नाही. मागायची मला सवय नाही, तू जाणतेस. मन मोकळं करावं, एवढंच.

मी मरोळच्या रेडिओ कारखान्यात कॉईल गुंडाळते, ते खातं शिमग्यानंतर बंद होणार. यंत्र आलं आहे. (त्याला पोर होत नाही आणि चहा लागत नाही, असं मॅनेजर कौतुकाने सांगत होते.) त्यातच, सुटताना आम्हा तीनशे बायकांची झडती पुरुष रखवालदार घेतात म्हणून आम्ही आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीने झडतीसाठी चार कायम जागा काढल्या. कायम! बाबांची गिरणी बंद पडल्यापासून आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मी त्याच दिवशी अर्ज दिला.

रखवालदारांचे साहेब म्हणजे सुभेदार लवू परब, लष्करातून निवृत्त, आपल्याच बाजूचे. त्यांनी ट्रंकेतून फौजेच्या भरतीचा जुना फॉर्म काढला आणि त्याच्या प्रती काढून वाटल्या. एक मैल सात मिनिटांत धावणे, पंचवीस किलोचं वाळूचं पोतं शंभर पावलं नेणे, वगैरे. युनियनच्या मालनताई म्हणाल्या, बायकांना पोतं अर्धं द्या आणि नोटिशीत 'फक्त स्त्रिया' असं लिहा. सुभेदार म्हणाले, "शत्रू काय बाईल बघून गोळी हळू मारतलो? पट्टी सगळ्यांका एकच!" आणि मावशी, फाटकावरच्या सभेत उभी राहून मी सुभेदारांच्या बाजूने बोलले. म्हटलं, आम्हाला अर्धं पोतं नको आणि वेगळी नोटीसही नको. अर्धं पोतं उचललं तर उद्या अर्धी रखवालदारीण म्हणाल. टाळ्या पडल्या. मालनताई माझ्याशी तेव्हापासून बोलत नाहीत. त्या टाळ्या आठवल्या की आता कानशिलं तापतात.

महिनाभर मी पहाटे आरे कॉलनीत धावले, नंदकिशोरचे कॅन्व्हासचे बूट बोटांपुढे चिंध्या कोंबून. (तुझा भाचा धाकटा असून पायाने थोरला आहे.) पोत्याचा सराव केलाच नाही. आमच्या इमारतीचा पंप वर्षातले आठ महिने बिघडलेला असतो. चार मजले दोन कळश्या रोज चढवणारीला वाळू काय सांगणार?

भरतीच्या दिवशी नऊजणी आल्या, आणि नोटीस सगळ्यांना खुली म्हणून काही पुरुषही. फॉर्मवर 'पोशाख : अर्धी चड्डी व बनियन' असं होतं, पट्टी एकच, ते वाचून पाचजणी फाटकावरूनच परतल्या. मग सुभेदारांनी सलवारीला तोंडी परवानगी दिली. मी सहा मिनिटं पन्नास सेकंदांत धावले. पोतं उचलून शंभर पावलं गेले आणि ठेवायचं कुठे म्हणून विचारलं. माझ्यानंतर धोंडू आला, कँटीनवाल्याचा मेहुणा. त्याने शेवटचा पाव मैल कमरेवर हात ठेवून चालत पार केला आणि पोतं उतरवल्यावर त्याच पोत्यावर ओकला. सुभेदारांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे.

आता शेवटचा रकाना. छातीचा घेर, न फुगवता आणि फुगवून, फरक किमान पाच सेंटीमीटर. हे माप कंपाउंडर रोझारिओ घेतात. आम्हा चौघींना बघून बिचारे टेप टाकून उठलेच. "मी मोजणार नाय बाय, मला रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायचंय!" असं म्हणून त्यांनी बायकोला, उर्सुलाबाईंना, बोलावून आणलं. त्या मरोळ गावठाणात ब्लाऊज शिवतात. पडद्यामागे त्यांनी चौघींची मापं व्यवस्थित घेतली. माझा फरक अडीच इंच भरला, म्हणजे पाच सेंटीमीटरच्या वर. पण त्यांच्या हाताला शिवणकामाचं वळण पडलेलं. त्यांनी त्याच रकान्यात बाही, मुंढा आणि पाठीची उंचीही लिहिली, आणि कोपऱ्यात 'पुढचे हूक' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सुभेदारांनी कागद उन्हात धरला. "ह्या ब्लाऊजाचा माप, गो. ह्या फौजेत चलना नाय." त्यांनी चौघींचेही छातीचे रकाने खोडले आणि रिकामा रकाना म्हणजे अपात्र, असा शेरा मारला. मी म्हटलं, साहेब, फाटकावर डबे उघडून बघायचे आहेत, बायकांचे पदर चाचपायचे आहेत. छाती फुगवून दाखवायची कोणाला? तर म्हणाले, तुझ्यासाठी एक रकाना गाळला तर उद्या म्हणशील पोतंही हलकं कर. माझंच वाक्य, मावशी, माझ्याच पदरात. वजन सगळ्यांना एकच असावं, हे मी आजही म्हणते. पण फॉर्म कोणाच्या अंगावर बेतून शिवला आहे, हे आधी बघायला हवं होतं. उर्सुलाबाईंना ते दुसऱ्या मिनिटाला कळलं असतं.

काकांना नमस्कार. कुळथाचं पीठ पोचलं, संपलंही.

तुझी,
वनमाला

ता. क. वर म्हटलं खरं की मागायचं काही नाही, पण तू सरकारी दवाखान्यातली नर्स आहेस. सरकारी नर्सने समक्ष माप घेऊन सही-शिक्का दिला तर विचार करू, असं सुभेदार म्हणाले आहेत. गुडघ्याला ताप होईल, तरी रात्रीची एस.टी. धर. शिक्का विसरू नकोस.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी यादी लागली. नोटिशीत 'फक्त स्त्रिया' नव्हतं, तेव्हा चारही जागा पुरुषांना गेल्या. पहिलं नाव धोंडूचं. पण त्याला बायकांच्या अंगाला हात लावता येत नाही, त्यावरूनच तर सगळं सुरू झालं होतं. म्हणून सोमवारपासून पाळी सुटल्यावर झडती मी घेणार आहे, बदली म्हणून, शिमग्यापर्यंत. धोंडू शेजारी खुर्चीवर बसून सही करणार आहे. तरी तू ये. टेपही आण. त्याची छाती मला एकदा सरकारी शिक्क्याने मोजून घ्यायची आहे.