नदीकाठचं ओलं गवत

सोनई
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. अश्विनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर माझं बोलणं सगळं घर ऐकतं, म्हणून दुधाच्या टेम्पोबरोबर ही चिठ्ठी.

तुझं तूप पोचलं. आमच्या ह्यांनी भाकरीवर दोनदा वाढून घेतलं आणि वर म्हणाले, धाकटीच्या हाताला लई गुण हाय. म्हशी दोघी एकाच आईच्या. वाटणीत एक तुला, एक मला. तुझी चंद्री नऊ लिटर देते, माझी भोरी पाच. गुण हाताचा नाही, नेवाशाच्या नदीकाठच्या गवताचा, असं मी ठणकावलं. तेव्हा दोन भारे पाठव. बघूच.

थोरल्या जावेवर माया ठेव.
सविता

नेवासा
१२ डिसेंबर

ती. सौ. जाऊबाईंना शि. सा. नमस्कार.

पंधरा दिवस झाले, चंद्रीच्या जबड्याखाली पाणी उतरलंय. दूध दोन लिटरवर आलं. शेजारची रेश्मा म्हणाली, जावेचीच नजर लागली बघ. मी तिला गप्प केलं नाही. तुमचं नाव मनात घेऊन मीठ-मिरच्या ओवाळल्या, चंद्रीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरेना.

काल डॉक्टरांनी शेण तपासलं. यकृतात पानासारखे चपटे जंत झालेत. पाण्याकडेच्या बारीक गोगलगाईंमधून ते गवतावर येतात आणि गवताबरोबर पोटात जातात. औषध पाजलंय; जगेल की नाही ते आठवड्यानं कळेल म्हणाले.

जाऊबाई, तुमचे भारे मी मुद्दाम पाण्यात उतरून कापले होते, कोवळे म्हणून. भोरीचंही शेण आजच तपासून घ्या.

रागवा, पण तोडू नका.
अश्विनी

सोनई
१४ डिसेंबर

चि. सौ. अश्विनीस आशीर्वाद.

भोरी ठणठणीत आहे. भारे आले तेव्हा हे म्हणाले, आता अश्विनीच्या गवतानं भोरीचं दूध वाढणार. माझ्या अंगाची लाही झाली. म्हणजे माझ्या म्हशीच्या दुधालाही तुझंच नाव! मागून घेतलेले दोन्ही भारे उकिरड्यावर टाकले आणि भोरीनं चाटूनपुसून खाल्ले म्हणून सांगितलं. माझ्या जळफळाटानं माझी म्हैस वाचली, आणि तुझी दावणीला कण्हतेय. कुठल्या तोंडानं लिहू?

टेम्पोत कोरडा कडबा ठेवलाय आणि भोरीचं पाचही लिटर दूध. पोरांना दे. रविवारी चंद्रीला बघायला येते.

माया आहे, हेवाही आहे; दोन्ही पदरात घे.
सविता

ता. क. डॉक्टर काही म्हणोत, मी येऊन जाईपर्यंत तिच्या गळ्यातला दोरा सोडू नकोस.