तुफानात उडालेला पाट

कार्तिक वद्य चतुर्थी, शनिवार

काल दुपारी समुद्राकडचं तुफान घाट चढून निपाणीपर्यंत आलं. वादळ शांत व्हावं म्हणून रीतीप्रमाणं मी अंगणात पाट उपडा टाकला, तर वाऱ्यानं पाटच पळवला! मागनं घरावरचे पत्रे गेले. लेक माझी आठ दिवसांची बाळंतीण, कुशीत नात, वर उघडं आभाळ.

तेवढ्यात शेजारची पारूआक्का पाट काखेत घेऊन दारात उभी. शेताच्या बांधावरनं सात वर्षं आमचं बोलणं न्हाय.

"तुझा पाट आला माझ्या अंगणात. तू कधी येणार गं?"

"पत्रे सापडले की येते."

"मेले, तवर पोर भिजंल! ऊठ."

आज मामलेदार घोड्यावरनं पडझड बघून गेला. इकडं तिच्या घरी पारूआक्कानं त्याच पाटावर बसून नातीला पायावर न्हाऊ घातलं. पोरगी लई गोड, न्हाऊन लगेच जांभई देती!

पण मनात येतंय, तिचं छप्पर उडालं असतं तर पाट घेऊन मी गेले असते का? न्हाय वाटत.

पत्रे बसले की घरी जाईन. पाट मात्र पारूआक्काकडंच ठेवीन. रोज जायला निमित्त पाहिजे.