आत्याबाईंचा ताबा आणि यादीतली जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी पाणीखात्याच्या संगणक विभागात नोकरीस, आता घर आणि एक मोफत संगणकप्रणाली सांभाळणारी, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी सकाळी रक्तदाब पाहून तसा दाखला दिला. रक्तदाबात बुद्धी कशी दिसते, हे मी विचारले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या घरात दबाव टाकण्याचे काम माझ्याकडे आहे. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे पतींना दिले होते, आणि ते आधी निघून गेले.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. जिन्याखालचा दिवा तिने आता तरी बदलावा.

कलम २. तपासणीचा मीटर आणि सोल्डरिंग आयर्न जावयांना. मीटर त्यांनी दोनदा मागून नेला आणि दोन्ही वेळा न सांगता परत आणून ठेवला. असा माणूस आमच्या क्षेत्रात मी दुसरा पाहिला नाही.

कलम ३. मागच्या खोलीतल्या यंत्रांबद्दल लिहिण्याआधी आमची पद्धत सांगणे भाग आहे. आमची प्रणाली कोणीही फुकट घ्यावी आणि आपल्या संगणकावर चालवावी. पण संगणकाचे प्रकार अनेक, आणि प्रत्येकासाठी ती वेगळी जुळवावी लागते. कोणते प्रकार यादीत ठेवायचे, हे प्रणाली सांभाळणाऱ्या आम्हा हौशी लोकांचे मंडळ दर सहा महिन्यांनी ठरवते. नियम असा: त्या प्रकारचे खरे यंत्र कोणाच्या तरी घरी असावे, त्या माणसाने नवी आवृत्ती त्याच यंत्रावर बांधून, म्हणजे मूळ प्रोग्रामपासून तयार करून, चालवावी आणि तसे कळवावे. ओळीने दोन वेळा कळवले नाही, की तो प्रकार यादीतून बाद. म्हणून माझी यंत्रे ज्याला मिळतील, त्याला हे कामही मिळेल.

कलम ४. तळहाताएवढी दोन लहान यंत्रे तंत्रशाळेच्या मास्तरांना. मोठे, वेगवान यंत्र मंडळाला. त्या प्रकाराची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, माझ्या जाण्याने त्याला शिंकही येणार नाही. एका कंपनीचे गृहस्थ चकचकीत माहितीपत्रक घेऊन आले होते आणि "आमचा नवा प्रकार यादीत घ्या," म्हणाले होते. यंत्र कुठे आहे, विचारले तर म्हणाले, "येतंय." सात वर्षे झाली. यंत्र आले, तरच घ्यावे.

कलम ५. एक चूक माझ्या नावावर आहे, ती इथे कबूल करते. सर्वांत जुन्या यंत्राला मी आत्याबाई म्हणते, कारण ते उशिरा उठते आणि उठल्यावर पहिली पाच मिनिटे तक्रारी सांगते. एका वर्षी खोलीला रंग लावायचा होता, आत्याबाई चादरीखाली होत्या. मी त्यांची नक्कल करणारा प्रोग्राम नव्या संगणकावर चालवला, त्यात आमची आवृत्ती गुण्यागोविंदाने चालली, आणि मी "उठलं, चाललं" असे कळवून मोकळी झाले. आठवड्याने पुस्तकबांधणी करणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांचे कागद कापायचे यंत्र आत्याबाईंच्याच प्रकारच्या संगणकावर चालते.

"बाई, तुम्ही लिहिलंय उठलं. माझं तर डोळेसुद्धा उघडत नाही."

त्यांचे काम चार दिवस बंद होते. तेव्हापासून मी नकलेवर विश्वास ठेवलेला नाही.

कलम ६. आता आत्याबाई. हा प्रकार यादीतून गेला, तर बांधणीवाल्या बाईंचा संगणक पुढची कोणतीही दुरुस्ती घेणार नाही, आणि आज ना उद्या दुकान अडेल. त्यांना मी यंत्र देऊ केले. त्या म्हणाल्या, "मला कापता येतं, तुमचं ते लिहिता येत नाही." मुलगी म्हणाली, "आई, मी घर घेते, आत्याबाई नको." मास्तरांकडे जागा नाही.

माझे धाकटे दीर मंडळात आहेत. त्यांना मी विचारलेच नाही. गेली वीस वर्षे ते प्रत्येक बैठकीत म्हणतात, "वहिनी, या बयेला एक आवृत्ती बांधायला अकरा दिवस लागतात. दोन माणसांसाठी सगळ्यांनी का खोळंबायचं?" माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी होती, त्याच आठवड्यात त्यांनी हा प्रकार यादीतून खोडला. पट्टी सुटल्यावर मी पहिली गोष्ट वाचली ती ही, आणि तो प्रकार यादीत पुन्हा लिहून टाकला.

तरी कोणी वारस मिळत नाही, म्हणून माझ्या पश्चात हा प्रकार बंद करावा. बांधणीवाल्या बाईंना वर्षभर आधी कळवावे. खोडण्याचे काम दिरांनीच करावे. त्यांची हौस फिटू दे.

कलम ७. (हे कलम टंकलेखनानंतर हाताने लिहिले आहे.) धाकटे दीर आज साक्षीदार म्हणून आले. चष्मा लावून सहावे कलम वाचले, पुन्हा वाचले, आणि पेनाला टोपण लावले.

"वकीलबाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येतं का?"

वकीलबाई म्हणाल्या, "शक्यतो नको. पुढे वाद होतो."

"मग दुसरा साक्षीदार बघा."

मी म्हटले, "भावजी, अकरा दिवस लागतात तिला."

"मलाच सांगताय? तो आकडा मीच काढलाय."

"आणि बैठकीत काय सांगाल?"

"हेच सांगेन, की ही बया काढून टाका. मत मांडायला बंदी आहे का?"

सबब, आत्याबाई, त्यांच्या तारा, सुटे भाग आणि माझ्या हस्ताक्षरातल्या नोंदवह्या धाकट्या दिरांना द्याव्यात. प्रत्येक आवृत्ती त्यांनी खऱ्या यंत्रावरच तपासावी. स्वतःच्या यंत्राविरुद्ध बैठकीत भाषण करण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहील. सहाव्या कलमातला शेवटचा परिच्छेद रद्द. बांधणीवाल्या बाईंना मी आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, माझा नंबर लिहून ठेवा."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि माझ्या मनासारखा आहे.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२६, सकाळी साडेअकरा

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमक्ष सही केली:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. धाकटे दीर (खोडले, त्यांच्याच सांगण्यावरून)
२. (सही) समोरचे शिंपी, गळ्यात टेपसह बोलावून आणलेले