टिकलीचा बांध

मी, सकुबाई वाल्मिक विशे, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, माझ्या पश्चात काय कुणाचं ते आज लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. चक्कर येते ती पायांना, अकलेला नाही. कुणी दमदाटी केलेली नाही, करून बघावी.

१. राहतं घर, मागची चिंच आणि पितळेचा हंडा पुतणी सारिकाला द्यावा. सारिका म्हणजे माझे धाकटे दीर नामा यांची मुलगी. बापाने माझ्याशी बोलणं टाकलं, तरी ही पोर माझ्याच चुलीपाशी वाढली.

२. टिकली, काळी कुत्री, कपाळावर पांढरा ठिपका, हीसुद्धा सारिकाचीच. तिला साखळी घालू नये.

सारिका कल्याणला कामाला जाते. तिकडे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत असते, तिथे ती टिकलीला घेऊन गेली. उड्या झकास मारल्या, पण अरुंद फळीवर चढली आणि मागचे पाय घसरून धपकन खाली! लोक हसले. पोर रडत घरी आली. "काकी, आपल्याला मागं पाय हायत तेच तिला ठाव नाय!"

खरं होतं ते. कुत्र्याला पुढच्या पायांचं भान असतं, मागचे नुसते ओढीने येतात. मग आमची शिकवणी सुरू झाली. शिडी जमिनीवर आडवी टाकून तिच्या पायऱ्यांमधून हळूहळू चालवायचं, "हलू गो बाय, मागचा पाय बग" म्हणत. पालथ्या घमेल्यावर पुढचे पाय ठेवून मागच्या पायांनी गोल फिरवायचं. धावली तर काही नाही, थांबून पाय टाकला तर सुक्या जवळ्याची चिमूट. शिडी आणि घमेलं सारिकाला. त्या घमेल्यात कुणी सिमेंट कालवलं तर मी वरून खाली येईन.

३. आता बांध. माझं शेत आणि नामाभावजींचं शेत यांच्यामध्ये एकच बांध, त्यांच्याकडून निघून माझ्या दारापाशी येणारा. पूर्वी त्यावरून बैलगाडी जाई. आमचे हे गेले आणि भावजींनी दरवर्षी आपल्या बाजूने तो कुदळीने कोरला. आता जेमतेम पाऊल मावतं. मी शिव्या घातल्या, त्या परत घेत नाही. तेव्हापासून भावजी माझ्या दारावरून जायला नको म्हणून सडकेने वळसा घालतात.

पण टिकली फळीवर चालायला शिकली ती याच बांधावर. सकाळी भातावर धुकं उतरतं, बांध दिसतच नाही. लोंब्यांच्या वरून काळी कुत्री सावकाश जात राहते, धुक्यावरच चालल्यासारखी. पुढचा पाय उचलला की त्याच जागी मागचा. मी घोंगडी पांघरून बघत राहते. बघता बघता वाटतं, मीच चालते आहे, पुढे हे आहेत, आणि बांध अजून गाडीएवढा रुंद आहे. तेवढा वेळ चक्कर येत नाही. फार बरं वाटतं.

४. शेत नामाभावजींना. अट एकच. मला मूल नाही, अग्नी त्यांनीच द्यायचा. त्या दिवशी त्यांनी सडकेने येऊ नये, बांधावरून टिकलीच्या मागून यावं. भावजी, घाई केलीत तर चिखलात जाल. बांध तुम्हीच कोरलात, आता तुम्हीच तोल सांभाळा. टिकली मध्येच थांबून मागे बघते, तेव्हा तुम्हीही थांबा. सडकेने आलात तर शेत सारिकाचं, आणि अग्नीही तीच देईल. शेत कुणाकडेही गेलं तरी बांध कोरू नये आणि रुंदही करू नये. टिकलीला तेवढाच लागतो.

ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून घरचं कुणी घेतलेलं नाही.

सही: सकुबाई वाल्मिक विशे
साक्षीदार: १. आदेश हरड २. हिरीबाई फर्डे
किन्हवली, ६ ऑक्टोबर २०२४

सही झाल्यावर जोडलेलं. साक्षीदार अजून ओटीवर चहा पीत आहेत, यावरही त्यांची सही घेते.

आत्ता ओटीवरून बघितलं. टिकली बांधाच्या मधोमध अडून उभी होती. पलीकडच्या टोकाला भावजी उकिडवे बसले होते, मूठ पुढे करून. मूठ रिकामीच असणार. म्हणत होते, "हलू गो बाय, हलू. मागचा पाय बग." शब्द न शब्द माझे! म्हणजे इतकी वर्षं कान इकडेच होते मेल्याचे. मला रडू आलं, हे हिरीबाईने पाहिलं आहे.

५. फडताळातली सुक्या जवळ्याची बरणी नामाभावजींना. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. आजच न्यावी, बांधावरून येऊन.

सही: सकुबाई वाल्मिक विशे
साक्षीदार: तेच दोघं